पन्हळीचे गळके सांधे

वैशाख सरत आला म्हणजे घराघरांतून दोन चिंता एकदमच उभ्या राहतात. एक लोणच्यापापडांची व दुसरी छपराची. पहिली गृहिणीवर्गानें आपल्याकडे घेतलेली असल्यामुळें ती वेळच्या वेळीं पार पडते. दुसरी पुरुषमंडळींकडे असते, आणि ती मृगाचा पहिला सडाका अंगावर येईपर्यंत 'पाहूं, करूं' यांतच लोंबकळत राहते. यंदा आम्हांवर प्रसंगच असा आला कीं, ही दुसरी चिंता वेळेआधीं मनावर घ्यावी लागली. आणि त्या खटाटोपांत जें कांहीं शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों. विषय म्हटला तर अगदींच साधा आहे. वळचणीस लाविलेली प्लॅस्टिकची पन्हळ जुनी होऊन तिचे सांधे गळूं लागले तर काय करावें, एवढाच तो विषय. पुण्यामुंबईच्या सदनिकांत राहणाऱ्या मंडळींस 'आढ्याचें पाणी वळचणीस' ही म्हण ठाऊक असते, परंतु वळचण म्हणजे काय हें मुलांस दाखवावयाचें तर त्यांच्या घरास वळचणच नसते! त्यांनीं क्षमा करावी. तथापि ज्यांचें कौलारू घर कोंकणांत, मावळांत वा घाटमाथ्यावर अजून उभें आहे, त्यांस हा विषय क्षुल्लक वाटणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

आमच्या एक आत्याबाई पालघर जिल्ह्यांत मोखाडा तालुक्यांतील खोडाळा या गांवीं राहतात. मध्य रेल्वेच्या कसारा स्टेशनावर उतरून विहिगांवच्या रस्त्यानें चढत गेलें म्हणजे खोडाळा लागतो. तेथून पुढें मोखाडा व जव्हार. आत्याबाईंचे यजमान त्या भागांत शिक्षक होते. नोकरी संपल्यावर शहराकडे न वळतां त्यांनीं तेथेंच घर बांधिलें, व ते गेल्यावरही आत्याबाईंनीं तें सोडलें नाहीं. चिरंजीव नाशकास बोलावीत असतात. पण 'इथें माझी तुळस आहे' यापलीकडे त्यांस उत्तर मिळत नाहीं.

या प्रदेशाचें एक आश्चर्य असें कीं, येथें पाणी उदंड आहे आणि नाहींही. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या हिशेबानें शंभर इंच, पाऊस पडतो. सूर्यमाळच्या बाजूनें एकदां ढग उतरले कीं चार चार दिवस अंगणांतली तुळस दिसत नाहीं. परंतु खालीं सर्व काळा पाषाण, जमीन उताराची. पडलेलें पाणी थांबत नाहीं, ओढ्यांतून वैतरणेस जातें. याच तालुक्यांत मध्य वैतरणा धरण आहे आणि २०१४ पासून त्याचें पाणी मुंबईच्या नळांस मिळत आहे. इकडे मात्र शिमगा झाला न झाला तोंच कित्येक पाड्यांवर बायाबापड्यांस हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसावें लागतें. मुंबईकर वाचकांनीं सकाळीं नळ सोडतांना ही गोष्ट एकवार आठवली तर वावगें होणार नाहीं.

अशा गांवीं छपरावरचें पाणी हें धनच होय, हें ओळखून आत्याबाईंच्या यजमानांनीं सुमारें वीस वर्षांपूर्वीं घराच्या मागील पाख्यास पन्हळ बसविली व तिचें पाणी दहा हजार लिटरच्या एका हौदांत सोडिलें. हिशेब त्यांनीं भिंतीवर खडूनें लिहून ठेविला होता, तो अजून पुसट दिसतो. पाखें १२ मीटर लांब व, वरून पाहिलें असतां, ४ मीटर रुंद. म्हणजे ४८ चौरस मीटर. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. तेव्हां १०० मिलिमीटरच्या एका दिवसांत या एका पाख्यावरून ४,८०० लिटर पाणी वाहतें. वाचकांनीं आपापल्या घराचा असा हिशेब अवश्य करून पाहावा. बहुतेकांस अचंबाच वाटेल.

आतां कोणी म्हणेल, दोन मुसळधार दिवसांत हौद भरत असेल तर सांध्यांतून थोडें गळालें म्हणून काय बिघडलें? आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु आत्याबाईंचा परिपाठ निराळा आहे. आषाढ-श्रावणांतलें पाणी वापरून टाकावयाचें, भाद्रपदांत हौद उपसून, घासून स्वच्छ करावयाचा, आणि मग उत्तरा व हस्त या नक्षत्रांच्या शेवटच्या पावसानें तो पुन्हा भरून घ्यावयाचा. तेंच पाणी पुढें भांडीं, धुणें व अंघोळ यांस पुरवावयाचें. पिण्याचें पाणी विहिरीचें. रोजचे ८० लिटर धरले तर भरलेला हौद १२५ दिवस, म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत पुरतो. पण हस्ताचा पाऊस हा आषाढासारखा नसतो. तो रिमझिमतो. मोठ्या पावसांत पन्हळ तुडुंब वाहते, त्यांतलें थोडें सांध्यांतून गेलें तरी हौदास पत्ता लागत नाहीं. बारीक पावसांत मात्र पन्हळीच्या तळाशीं बोटभर धार वाहत असते, आणि ती पहिल्या गळक्या सांध्याशीं येतांच सगळीच्या सगळी खालीं उतरते. गेल्या दोन वर्षांत हौद अर्ध्याहून थोडा वर, सहा हजार लिटरपर्यंतच भरला. 'पूर्वीं शिमग्यास तळ दिसायचा, आतां संक्रांतीस दिसतो,' असें आत्याबाईंनीं फोनवर सांगितलें, तें हिशेबानें अगदीं बरोबर होतें: सहा हजारांस ८० नीं भागिलें कीं ७५ दिवस येतात. पुढचें पाणी विहिरीवरून कमरेवर आणावयाचें, आणि वय अठ्ठ्याहत्तर.

याहून वाईट गोष्ट भिंतीची. घराच्या भिंती विटांच्या आहेत, पण विटा मातींत रचलेल्या. चुन्याचा गिलावा फक्त बाहेरून. दुसऱ्या सांध्याचें पाणी वाऱ्यानें भिंतीवर येई. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत आम्ही तेथें पोंचलों, तेव्हां कोपऱ्याशीं गिलावा दोन हात फुगला होता आणि बोटानें दाबतांच आंतली माती भुरभुर खालीं आली. त्याच भिंतीच्या आंत नागली व वरईचीं पोतीं ठेविलेलीं. आणखी एक पावसाळा गेला असता तर तो कोपरा राहिला नसता, असें गांवच्या सुतारमिस्त्रींनीं सांगितलें, आणि त्यांस भिंतींची पारख आहे.

पन्हळ म्हणजे काय होती, तें सांगितलें पाहिजे. अलीकडे शहरांतून तयार पन्हळी मिळतात, त्यांच्या जोडांत रबरी पट्ट्या असतात. त्यांविषयीं पुढें लिहूं. खेड्यापाड्यांतून मात्र बहुधा सहा इंची, म्हणजे १६० मिलिमीटरचा, पी. व्ही. सी. नळ उभा चिरून दोन पन्हळी करतात. येथेंही तेंच केलेलें होतें: तीन तीन मीटरांचे चार तुकडे, मध्यें तीन सांधे. प्रत्येक सांध्याखालीं त्याच नळाचा वीतभर तुकडा सोल्युशननें डकवलेला.

आम्ही शिडीवर चढून पाहिलें तों एखाद्या पुराणवस्तुसंशोधकास आनंद व्हावा असें दृश्य दिसलें. सर्वांत वर ऑइलपेंट लाविलेल्या धोतराचा तुकडा, त्याखालीं डांबर, डांबराखालीं सिमेंट, सिमेंटाखालीं एम-सीलची कडक झालेली वडी, आणि त्या सर्वांच्या तळाशीं मूळचें सोल्युशन, तें आरपार चिरलेलें. प्रत्येक पावसाळ्याचा एक थर! वर्षावर्षाचे उपाय एकावर एक रचले गेले होते, आणि पाणी या सर्वांच्या खालून शांतपणें वाहत होतें.

असें कां व्हावें? दोष वस्तूंचा नव्हे. एम-सील हा पदार्थ लोखंडाच्या नळास किंवा टांकीच्या छिद्रास उत्तम. सिमेंट दगडविटांस उत्तम. पण प्लॅस्टिकची एक खोड आहे, ती लक्षांत घेतल्यावांचून त्याचा सांधा टिकावयाचा नाहीं. तें उष्णतेनें फार पसरतें व थंडीनें फार आखडतें. पी. व्ही. सी. चा एक मीटर तुकडा एका अंश सेल्सिअसमागें सुमारें ०.०७ मिलिमीटर लांब होतो, लोखंड ०.०१२ च. हे आंकडे दिसावयास नगण्य वाटतात, म्हणून गुणाकार करून पाहूं. वैशाखाच्या दुपारीं उन्हांत तापलेली पन्हळ ५५ अंशांवर सहज जाते. आषाढाच्या झडींत ती २५ अंशांवर येते. फरक ३० अंशांचा. तीन मीटरांचा तुकडा त्यामुळें ६ मिलिमीटर आखडतो. चारही तुकडे सोल्युशननें एकजीव केले असले तर सगळी पन्हळ २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, आखडूं पाहते. ती क्लॅम्पांनीं जखडलेली, आखडणार कशी? जेथें ती सर्वांत दुबळी, तेथें ती तुटते. आणि सर्वांत दुबळा भाग सांधा.

यांतली खरी मेख अशी कीं, आपण डागडुजी करतों ती उन्हाळ्यांत, भर दुपारीं, सर्व कांहीं कोरडें असतांना. त्या वेळीं पन्हळ पूर्ण पसरलेली असते व भेग मिटलेली असते. आपण ती मिटलेली भेग लिंपतों आणि समाधानानें खालीं उतरतों. पाऊस सुरू झाला कीं पन्हळ थंड होते, आखडते, आणि लिंपण फाडून भेग उघडते. म्हणजे जेव्हां ती मिटलेली हवी नेमकी तेव्हां. मिस्त्री हें ऐकून हंसले व म्हणाले, 'भाऊ, म्हणून तर आमचे जुने लोक सांधाच करीत नसत.' त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. बांबू उभा चिरून, आंतलीं पेरें फोडून केलेली पन्हळ या भागांत पूर्वीं सर्रास असे. तिचे तुकडे एकमेकांस जोडीत नसत; वरचा तुकडा खालच्यांत हातभर शिरवून नुसता ठेवीत. सांधा नाहीं म्हणून गळणें नाहीं, आणि आखडावयास वाटेल तेवढी मोकळीक! कुजला कीं नवा बांबू. आम्ही कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकलों, पण ही गोष्ट आम्हांस शिडीखालीं उभ्या असलेल्या गृहस्थांनीं समजावून दिली.

आणखी एक चमत्कारिक योगायोग येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पी. व्ही. सी. हा पदार्थ १८७२ सालीं ऑयगेन बाउमान नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास सांपडला, तो व्हिनाइल क्लोराइड भरलेलीं काचपात्रें सूर्यप्रकाशांत राहिल्यामुळें. आंत एक पांढरा घट्ट पदार्थ जमला होता. त्याचा उपयोग काय हें पुढें कित्येक वर्षें कोणास कळलें नाहीं. ज्या उन्हानें तो प्रथम दाखविला तेंच ऊन त्याचें वैरी आहे. उन्हांतील अतिनील किरणांनीं वरचा थर हळूहळू विघटित होतो, पांढरी भुकटी हातास लागते, आणि मूळचें लवचीक अंग ठिसूळ होतें. तेव्हां जुन्या पन्हळीवर कांहीं चिकटवावयाचें तर ही भुकटी काढल्यावांचून चिकटवूं नये. नाहींतर आपण पन्हळीस नव्हे, भुकटीस चिकटवीत असतों.

आतां प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट म्हणजे गळती नक्की कोठें आहे तें शोधणें. हें वाटतें तितकें सोपें नाहीं. पाणी सांध्यांतून निघतें, पन्हळीच्या पोटास चिकटून हात दोन हात सरकतें, आणि क्लॅम्पाशीं अडून तेथें टपकतें. आपण टपकण्याच्या जागीं लिंपण करतों, व वर्ष फुकट जातें. मिस्त्रींनीं यावर एक नामी युक्ति दाखविली. पन्हळ आंतून झाडून घेतली, हौदाकडच्या उभ्या नळाच्या तोंडांत चिंध्यांचा बोळा कोंबला, पन्हळीचें पोट बाहेरून कोरड्या फडक्यानें पुसलें, आणि त्यास चुलींतली चाळलेली राख हातानें लाविली. मग वरून हळूहळू तीन बादल्या पाणी सोडलें. जेथून पहिला ओलावा निघाला तेथें राख काळी झाली, आणि तो काळा ओघळ कोठून कोठें गेला तें नकाशासारखें उमटलें. त्या रेघेचें वरचें टोक म्हणजे गळती. खडूनें तेथें खूण करावी. आम्हीं सर्व दोष हौदाजवळच्या तिसऱ्या सांध्यावर ठेविला होता. राखेनें सांगितलें कीं तिसरा निर्दोष आहे, पाणी दुसऱ्याचें. पहिलाही थोडा गळत होता, आणि पार दुसऱ्या टोकाचें टोपण, ज्यास दुकानदार एंड कॅप म्हणतात, तें किंचित् ओलावत होतें.

दुसरी गोष्ट ढाळाची. पाणी सांध्याशीं तुंबून राहत असेल तर कसलाही सांधा फार दिवस टिकत नाहीं. मीटरामागें ३ ते ५ मिलिमीटर ढाळ असावा. आमच्या १२ मीटरांस ५ सेंटिमीटर धरला. गवंड्यांची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन्ही टोकांची उंची पाहिली व मध्यें दोरी ताणली, तों दुसऱ्या सांध्याशीं पन्हळ जवळजवळ तीन बोटें खालीं लोंबलेली आढळली. कारण उघड होतें. क्लॅम्प दीड दीड मीटरावर, आणि सांध्याखालीं एकही नाहीं. शिवाय मागें सागाचीं झाडें. सागाचें एक पान म्हणजे एक सूप. अशीं दहा पानें ओलीं होऊन सांध्याशीं अडकलीं कीं तेथें धरणच होतें! त्यांत वानरांची टोळी पन्हळीवरून धांवते ती गोष्ट निराळी. क्लॅम्पांमधील अंतर ७५ सेंटिमीटरांवर आणलें व प्रत्येक सांध्याच्या दोहों बाजूंस वितीच्या आंत एकेक क्लॅम्प दिला. नुसत्या एवढ्यानेंच पहिल्या सांध्याची गळती अर्धी कमी झाली. म्हणून वाचकांस आमची आग्रहाची सूचना अशी कीं, डबा-ट्यूब विकत आणण्यापूर्वीं दोरी लावावी.

तिसरी गोष्ट जुनें लिंपण काढणें. ही सर्वांत कंटाळवाणी व सर्वांत महत्त्वाची. डांबर दुपारीं काढूं गेल्यास हातास, शिडीस, धोतरास सगळीकडे लागतें, सांध्यावरून मात्र निघत नाहीं. पहाटे गारव्यांत तेंच कडक असतें आणि पटाशीनें ढलप्या उडतात. थिनर वापरूं नये, तो प्लॅस्टिकच मऊ करतो. ढलप्या काढल्यावर काचकागदानें घासून, साबणाच्या पाण्यानें धुऊन, वाळवून, शेवटीं स्पिरिटच्या फडक्यानें पुसून घ्यावें.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. आपल्याकडील पी. व्ही. सी. नळ टिकाऊ व्हावे म्हणून पूर्वीं त्यांत शिशाचे क्षार घालीत असत. केंद्रसरकारनें २०२१ सालीं नियम करून ते बंद करण्याचें ठरविलें; त्याआधींच्या नळांत शिसें असण्याचा संभव धरून चालावें. म्हणून अशी जुनी पन्हळ कोरडी घासूं नये. काचकागद पाण्यांत भिजवून घासावें, नाकातोंडास फडकें बांधावें, मुलांस जवळ येऊं देऊं नये, आणि घासलेलें पाणी हौदांत जाऊं न देतां बाहेर काढावें. जुन्या पन्हळीचें पाणी पिण्यास न घेण्याचा आत्याबाईंचा परिपाठ या दृष्टीनेंही योग्यच आहे. जे कोणी नवी पन्हळ करतील त्यांनीं नळावर आय. एस. १३५९२ हा मानकाचा आंकडा छापलेला आहे ना, तें पाहून घ्यावें. त्यांतील 'ए' प्रकार पावसाच्या पाण्यासाठीं व 'बी' प्रकार मैलापाण्यासाठीं आहे.

आतां खुद्द सांधा. आम्हीं केलें तें असें. दोन तुकड्यांच्या टोकांमध्यें मुद्दाम ६ ते ८ मिलिमीटर फट ठेविली. त्याच मापाच्या नळाचा फूटभर लांब अर्धा तुकडा कापला व त्यावर उकळतें पाणी ओतून तो किंचित् उघडला, कारण चिरलेल्या नळाच्या कडा आंत वळण्याचा स्वभाव असतो, व त्यामुळें तो खालून नीट बसत नाहीं. या खोगिराची एक बाजू उताराकडील तुकड्यास सोल्युशननें पक्की डकवली. दुसरी बाजू, म्हणजे चढाकडील, सोल्युशननें न डकवतां तेथें सिलिकोनचा जाड थर दिला. अशानें सांधा एका अंगानें स्थिर व दुसऱ्या अंगानें हलता राहतो. थर जाड असणें हाच सगळा मुद्दा आहे. कागदासारखा पातळ थर दोन मिलिमीटर ओढ बसतांच फाटतो. चार मिलिमीटर जाडीचा थर रबरासारखा झुकतो व परत येतो. ती जाडी राखण्यासाठीं मिस्त्रींनीं मोटारीच्या जुन्या ट्यूबचे चौकोनी तुकडे मध्यें मध्यें ठेविले, म्हणजे क्लॅम्प आवळला तरी सिलिकोन सगळें बाहेर पिळून निघत नाहीं.

सिलिकोन घेतांना एक गोष्ट पाहावी. कांहीं सिलिकोनांस व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. काचेस तें चांगलें, पण पी. व्ही. सी. वर तें तितकेंसें धरत नाहीं. दुकानदाराजवळ 'न्यूट्रल' म्हणून मागावें. आणि जुन्या सिलिकोनवर नवें सिलिकोन कधींच चिकटत नाहीं. पूर्वीं लाविलें असेल तर तें नखभरही शिल्लक ठेवूं नये.

हें सर्व करावयाचें केव्हां? वरील विवेचन ज्यांनीं लक्षपूर्वक वाचलें असेल त्यांस उत्तर आपोआप सुचेल. भर दुपारीं नव्हे, आणि कडाक्याच्या पहाटेही नव्हे. आम्हीं सकाळीं साडेआठ ते दहाची वेळ धरली, म्हणजे पन्हळ मध्यम तापलेली असते. मग दुपारीं ती तीन मिलिमीटर पसरली व झडींत तीन मिलिमीटर आखडली तरी सिलिकोनास दोहोंकडे सारखीच ओढ बसते. नंतर दोन दिवस त्यास हात लावूं नये. आकाशांत ढग असतील तर काम सुरूच करूं नये. ओल्या प्लॅस्टिकवर कोणतीही वस्तु धरत नाहीं, मग तिची जाहिरात कांहींही म्हणो.

ज्यांच्याकडे रबरी पट्ट्यांच्या तयार पन्हळी आहेत, त्यांचें काम पुष्कळ सोपें. तेथें बहुधा रबर कडक होऊन चिरलेलें असतें किंवा त्याखालीं माती अडकलेली असते. जोड उघडून रबर काढावें, खांच घासून स्वच्छ करावी, त्याच बनावटीचें नवें रबर मिळाल्यास घालावें. बसवितांना सरकावें म्हणून साबणाचें पाणी लावावें; ग्रीस किंवा तेल लावूं नये, त्यानें रबर फुगतें. पन्हळीचें टोक जोडाच्या आंत ठोकून न बसवितां आंतल्या खुणेपर्यंतच सारावें. ती खूण पसरण्यासाठीं सोडलेल्या जागेचीच असते, आणि आमचे कारागीर नेमकी तीच भरून टाकतात.

पाऊस सुरू झाल्यावर गळती लक्षांत आली तर? तेव्हां दुरुस्ती नाहीं. फक्त भिंत वांचवावयाची. गळक्या जागीं पन्हळीभोंवतीं सुतळीचा फेरा बांधून तिचें टोक खालीं बादलींत सोडावें. पाणी वाऱ्यावर न उडतां सुतळीच्या अंगानें मुकाट खालीं येतें. आत्याबाई दोन वर्षें हेंच करीत होत्या. फक्त हस्ताच्या रात्रीं उठून बादली कितीदां बदलावी, हा प्रश्न होता.

दोन सांधे करावयास आम्हांस तीन सकाळी लागल्या. मिस्त्रींची मजुरी सोडून खर्च सहाशें रुपयांच्या आंत. शिडी एकट्यानें लावूं नये. खालीं एक माणूस धरून असावा, व विजेची तार वळचणीजवळून गेली असेल तर लोखंडी शिडी मुळींच नेऊं नये. सोल्युशनचा डबा उघड्या हवेंतच उघडावा, आणि त्या वेळीं कोणी विडी ओढीत नाहीं ना तें पाहावें. काम झाल्यावर पन्हळीस बाहेरून फिकट रंगाचा पाण्यांतला बाह्यरंग दोन हात दिला. पांढरट रंगानें ती कमी तापते व ऊन थेट प्लॅस्टिकवर येत नाहीं. फुगलेला गिलावा काढून भिंतीचा कोपरा मात्र उघडाच ठेविला. तो आंतून पुरता वाळल्यावांचून त्यावर नवा चुना चढवूं नये, असें मिस्त्रींचें मत पडलें, आणि त्यांनीं तेथें पावसाळ्यापुरती ताडपत्री अडकवून दिली.

मृगानें यंदा चार दिवस वाट पाहावयास लाविली. नंतर एके रात्रीं सूर्यमाळकडून वारा सुटला व पाऊस आला. आम्ही मुंबईंत होतों. सकाळीं आत्याबाईंचा फोन आला. पहिला पाऊस त्यांनीं रीतीप्रमाणें बाहेर सोडून दिला, छपरावरची धूळ व वानरांची घाण हौदांत जाऊं नये म्हणून. दुसरा आंत घेतला. दोन्ही सांधे कोरडे. मध्यरात्रीं कंदील घेऊन त्यांनीं राख लावून पाहिली होती!

'आणि तें टोकाचें टोपण?' आम्हीं विचारिलें.

'तें गळतंय थोडं,' त्या म्हणाल्या. 'सुतळी बांधली आहे. खालीं तुळस आहे, तिला बरंच झालं. मिस्त्री म्हणाले, दिवाळीनंतर पाहूं.'

श्रावण अर्धा झाला आहे. भाद्रपदांत हौद उपसावयाचा, त्या वेळीं आम्ही पुन्हा खोडाळ्यास जाणार आहों. हस्त संपल्यावर काठीनें पाणी मोजून आत्याबाई भिंतीवर, यजमानांच्या हिशेबाखालीं, खडूनें आंकडा लिहिणार आहेत.